विषय: ५ टक्के छापलेले हायपोक्लोराइट जंतुनाशकाचे कॅन आणि तुमची ग्राहक सेवा

प्रति,
व्यवस्थापक, विक्री व गुणवत्ता विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

कॅनवर ५ टक्के छापलंय. त्या हिशेबाने २० मिली घेऊन पाण्याने एक लिटर केलं की १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग क्लोरीन, यायला हवं. आमच्या आयसीयूत क्लोरीन मोजायची टेस्ट स्ट्रिप ५०० सुद्धा दाखवत नाही, तेही नुकतं सील फोडलेल्या कॅनचं. त्याच डबीतल्या स्ट्रिपवर दुसऱ्या कंपनीचा माल बरोबर येतो, तेव्हा "स्ट्रिप खराब असेल" हे पुन्हा नको. पूर्वी तुमचा माल जाड निळ्या कॅनमध्ये यायचा. आता आरपार उजेड जाणारे पांढरे कॅन येतात, ऐन मे महिन्यात उघड्या टेम्पोतून. उन्हाने आणि उष्णतेने हायपोक्लोराइटची ताकद उतरते, हे मी तुम्हाला सांगायचं?

आजचा फोन ऐका. मी बॅच नंबर सांगितला, तर तिकडून प्रश्न, "ताई, वास येतोय का?" म्हटलं, येतोय. "मग चांगलंय की!" वासावरून पीपीएम कळत नाही म्हटल्यावर मला बराच वेळ गाणं ऐकवण्यात आलं. मग उपाय आला, "थोडं जास्त टाका ना." किती जास्त? "अंदाजाने." आयसीयूत, अंदाजाने! जास्त टाकलं की कॉटच्या कठड्याचं स्टील गंजतं, मावशींना ठसका लागतो, हे साहेबांच्या गावीही नव्हतं. वर आणखी, "तुमच्या मावशींना मिसळायला जमत नसेल." आमच्या मावशी मोजपात्राशिवाय कॅनला हात लावत नाहीत. दर कॉटला वेगळं फडकं, आधी साबणाचं पाणी, मग द्रावण, मग दहा मिनिटं ओलं राहू देणं. तुमच्या साहेबांना एक दिवस पाठवा, त्या शिकवतील.

गेल्या आठवड्यात एका कठड्याच्या स्वॅबमध्ये ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू आला, कार्बापेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही दाद न देणारा. कोरड्या पृष्ठभागावर तो आठवडेच्या आठवडे जगतो. तुमच्या गुळगुळीत माहितीपत्रकात त्याचा रंगीत फोटो आहे, म्हणजे ओळख असावी. तो कठडा तुमच्याच द्रावणाने पुसलेला होता. सगळा दोष तुमचा असं मी म्हणत नाही. पण निम्म्या ताकदीच्या द्रावणाने पुसून घेऊन आम्ही पेशंटच्या नातेवाइकांना काय सांगायचं, वास येत होता?

२०२० मध्ये बाजारात मारामार असताना तुमचा माल चोख यायचा. त्याच नावावर हे खपवताय याचं वाईट वाटतं.

या बॅचचा तपासणी अहवाल, वाचता येईल अशी उत्पादनाची तारीख आणि उजेड न शिरणाऱ्या कॅनमध्ये बदली माल, हे आठवड्याभरात हवं. तोवर बिल थांबवायला मी अकाउंट्सला कळवलं आहे. नाहीतर सीलबंद कॅन अन्न व औषध प्रशासनाकडे जाईल. आणि परत सांगते, वास येणं म्हणजे ५ टक्के असणं नव्हे. ग्राहक सेवेतून फोन नको. गुणवत्ता विभागातल्या माणसाने करावा, स्ट्रिप कशाशी खातात हे माहीत असलेल्या.

संसर्ग नियंत्रण परिचारिका