खुरपं आईने लपवलंय

सावदा,
चैत्र वद्य

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "बाबा, पटकन सांगा, मीटिंग आहे" म्हणतेस आणि मला जे सांगायचंय ते पटकन सांगण्यातलं नाही. पाकीट आलं की बाजूला ठेव, रविवारी वाच.

परवा व्हिडिओ कॉलवर तू बाल्कनी फिरून दाखवलीस. आई खूश झाली. मोगऱ्याला कळ्या, छातीएवढा कढीपत्ता आणि बाराव्या मजल्यावर टायमर लावलेलं ठिबक! माझं लक्ष मात्र झोपाळ्याकडे होतं. मागच्या दिवाळीत हौसेने घेतलेला तो वेताचा झोपाळा. त्याच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आणि ढिगावर नातवाची बॅट. मी विचारलं, "बसता का गं यावर कधी?" तू हसलीस. "वेळ कुठाय बाबा? सकाळी दहा मिनिटं वाळकी पानं काढते, तेवढंच."

मी गप्प बसलो, कारण बोलायला मला तोंड नव्हतं. माझा स्वतःचा बाक चार वर्षं तसाच पडून होता. त्याच्यावर कपडे नव्हते, शेणखताची गोणी होती, एवढाच फरक.

तो बाक तुला आठवत असेल. रिटायर झालो त्या वर्षी भंगारवाल्याकडून रेल्वेचा जुना लाकडी स्लीपर आणला होता. सुताराने दोनदा रंधा मारला तरी त्याचा डांबरी वास काही गेला नाही. आई म्हणाली, "नोकरी सुटली म्हणता आणि रूळ घरात आणता." तो मी फाटकाजवळ ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. फाटक पश्चिमेला. म्हणजे चैत्र-वैशाखात दुपारी एकपासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट तोंडावर. पारा चव्वेचाळीसवर गेला की त्या लाकडावर पापड भाजून निघेल. आबा केळीच्या बागेला पश्चिमेच्या बांधावर शेवरी लावायचे, त्या बाजूची गरम हवा पानं चिरून टाकते म्हणून. त्यांच्या मुलाने बसायची जागा नेमकी तिकडेच केली. शिकलेला माणूस!

पण जागा चुकली हे अर्धंच कारण. खरं म्हणजे मला बसताच येत नव्हतं.

तुला वाटेल, चौतीस वर्षं मालगाडीच्या मागच्या डब्यात बसून काढलेला माणूस हे काय बोलतो? (आता गार्ड म्हणायचं नाही, २०२२ पासून रेल्वेने 'ट्रेन मॅनेजर' केलंय. पगार तोच, नाव मोठं.) बसलो खूप. खंडव्याच्या लाइनवर निंभोऱ्याला, रावेरला गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकली की दोन-दोन तास बसायचो. मेल गाडी निघून गेल्याशिवाय सुटका नाही. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पाण्याचा वास, मधूनच एखादं पान फडफडायचं. आता डोळे मिटले की दिसतं. तेव्हा मी एकच गोष्ट बघत होतो, पुढचा सिग्नल. बसलेलो असायचो, पण सगळं अंग उठायच्या तयारीत. एका हातात झेंडी, एक कान वॉकीटॉकीला. ते बसणं नव्हतं ताई, ते वाट पाहणं होतं. आणि तीच सवय घेऊन मी बागेत आलो. खुर्ची टाकली की दोन मिनिटांत हराळी दिसायची, जास्वंदीवरचा पांढरा मावा दिसायचा, आळं फुटलेलं दिसायचं. उठलोच. चहा बाकावर निवून जायचा.

आई चार वर्षं हे बघत होती. मग गेल्या फाल्गुनात एका सकाळी खुरपं सापडेना. कात्री नाही, कुदळीचा दांडा काढलेला. मी अख्खं घर शोधलं, शेजाऱ्याच्या पोरावर संशय घेतला. ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती. म्हणाली, "मी ठेवलंय. चहा घ्या आणि बसा. तुम्ही बागेत पण ड्यूटीच करता. मला आजवर तुमची पाठच दिसते."

काय बोलणार? बसलो.

पहिला आठवडा वाईट गेला. हाताला खाज सुटल्यासारखं व्हायचं. मी नखांनी तण उपटायला लागलो, तर तिने तेही बंद केलं. कप रिकामा होईपर्यंत उठायचं नाही, असा नियम. आणि ती कप मोठे घ्यायला लागली.

मग एकेक दिसायला लागलं. न्हाणीघराच्या पत्र्यावर मधुमालती चढवलीय ना, सहा वर्षं तिला मीच पाणी घालतो. त्या वेलीला पांढरी, गुलाबी आणि लाल अशी तीन रंगांची फुलं येतात, अशी माझी समजूत होती. एका संध्याकाळी आईने एका उमलत्या पांढऱ्या झुपक्याला शिवणाचा निळा दोरा बांधला. "हा उद्या बघा." दुसऱ्या दिवशी दोऱ्याजवळचं तेच फूल गुलाबी. तिसऱ्या दिवशी लालभडक आणि मान खाली. एकच फूल गं! दिवेलागणीला पांढरं उमलतं, वास सोडतं, तेव्हा त्याच्याभोवती बोटाएवढा मोठा पतंग येतो. फुलावर न बसता हवेत एका जागी थांबून लांब सोंड आत घालतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंग चढल्यावर त्याच फुलावर दिवसाउजेडी शिंजीर पक्षी आणि फुलपाखरं. म्हणजे रात्रपाळीची गिऱ्हाइकं वेगळी, दिवसपाळीची वेगळी. रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्यूटीच्या मधे झोपायच्या खोलीत, आमची खाट अशीच गरम असायची, एक उठला की दुसरा आडवा.

मी आईला विचारलं, तुला हे कधीपासून माहीत? म्हणाली, "पहिल्या वर्षीपासून."

मोरीच्या पाण्यावर जी केळ आहे, ती माघात निसवली. कमळ लोंबतंय (तुमच्या पुण्यात केळफूल म्हणतात). त्याचं साधारण रोज एक जांभळं पान वर उचललं जातं, त्याखाली फुलांची ओळ उघडी पडते आणि सकाळी सहाला खार तिथे उलटी टांगून मध चाटत असते. ती गेली की शिंजीर. नर सध्या ऐन रंगात आहे. सावलीत काळा दिसतो, उन्हात आला की निळा-जांभळा पेटतो. ताई, आपली आबांच्या वेळी दोन हजार खोडं होती. सावद्याच्या स्टेशनावरून दिल्लीला केळीचे वॅगन भरताना मी लहानपणापासून पाहिलेत. घड किती किलोचा, रास किती, भाव काय पडला, हे मला झोपेतून उठवून विचार. केळीच्या फुलाला मध असतो, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं.

रोज असं काही दिसतंच असं समजू नकोस. बऱ्याच संध्याकाळी काही होत नाही. तांबट निंबावर टुक-टुक करत राहतो, मच्छर चावतात, आई वाळल्या निंबाच्या पाल्याचा धूर करते, त्याने मच्छर थोडे आणि आम्ही जास्त हैराण होतो. परवा तर मी बसल्या बसल्या झोपलो. तेही चालतं, असं मला वरून कळवण्यात आलं.

बोलणंही निघतं. एका संध्याकाळी आई म्हणाली, "क्वार्टरच्या मागे माझी जागा होती, आठवतं?" मला आठवेना. भुसावळला आपल्या क्वार्टरच्या मागच्या दारी डालड्याच्या डब्यांत तुळस, अबोली, एक गवती चहा होता, ते आठवलं. "तिथे पालथी बादली असायची. बोलवायला कॉलबॉय येऊन तुम्ही ड्यूटीवर गेलात आणि पोरं झोपली की मी त्या बादलीवर बसायचे. दहा-पंधरा मिनिटं. रोज." घरात सासू-सासरे, दोन नणंदा, तुम्ही दोघं, नळाला पाणी रात्री अडीचला. त्यातून ही बाई रोज पंधरा मिनिटं काढून चार डब्यांच्या बागेत बसत होती आणि मला पत्ता नाही. कसा असणार? मी तेव्हा लूपला.

म्हणून तू वेळ नाही म्हणालीस तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहून हसली. तिचं हसणं तुझ्यासाठी होतं की माझ्यासाठी, अजून कळलेलं नाही.

आता बाकाचं सांगतो, कामाचं आहे. तो आम्ही मागे, पूर्वेच्या बाजूला नेला. दोन वाजले की घराचीच सावली तिथे पडते आणि वर निंब. आधी भिंतीला टेकवला होता. पण आपल्याकडची भिंत दिवसभर तापते आणि रात्री नऊपर्यंत धग सोडत राहते, पाठ खरपूस होते. मग सहा फूट पुढे ओढला. साडेपाचला भाजी धुतलेल्या पाण्याचा सडा मारायचा. नळ आठवड्याने येतो, चांगलं पाणी शिंपडायची ऐपत नाही. सहा-सव्वासहाला बसण्याजोगं होतं. उन्हाळ्यात सकाळची वेळ सहा ते साडेसात, त्यानंतर बसणारा माणूस खानदेशातला नव्हे. पौषात उलटं, दहाच्या आत थंडीने बाहेर निघवत नाही, मग तोच बाक उन्हात ओढायचा आणि भरिताची वांगी भाजता भाजता तिथेच बसायचं. बाक जड आहे, पण वर्षातून दोनदा ओढतो. सातपुडा समोर दिसतो, तेवढी एक फांदी छाटली. सध्या रात्री डोंगरावर वणव्याची लाल रेघ दिसते. लांबून छान दिसते, जवळ असणाऱ्यांचं काय होत असेल कोण जाणे.

तुझ्या झोपाळ्यात एक खोट आहे, ती फोनवरच दिसली. त्याचं तोंड हॉलकडे, टीव्हीकडे आहे. पाठ मोगऱ्याला. कोण बसेल? बसलं की समोर पसारा आणि पसारा दिसला की उठणं आलं. तो फिरवून घे. हुक छताला आहे, जावयांना दोन मिनिटांचं काम. आणि कपड्यांसाठी वेगळी टोपली आण, पैसे मी देतो.

ठिबकाच्या टायमरला माझा विरोध नाही. उलट बरंच आहे, पाणी घालायची जी वीस मिनिटं वाचतात ती तुझीच. मग ती कुठे जातात, हे एकदा बघ.

आता मुख्य मुद्दा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. दरवर्षी तू शनिवारी रात्री येतेस आणि रविवारी चारच्या गाडीने जातेस. त्यात घागर भरायची, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवायचं, आईने खापरावर मांडे करायचे, रस काढायचा, तू मामाकडे धावत जाऊन यायचं. झोक्यावर तू शेवटची कधी बसलीस? माझी आई म्हणायची, आखाजीला पोरीला माहेरी आणायचं ते काम करायला नव्हे. वर्षभर सासरी उभ्या राहिलेल्या पोरींना तेवढे चार दिवस निंबाखाली बसायची मुभा. सासूसुद्धा आडवी येत नसे. शेतावर वर्षभरासाठी ठेवलेल्या सालदाराचं जुनं साल त्या दिवशी संपायचं, नवं ठरायचं, त्यालाही मधे श्वास मिळायचा. तुझ्या आत्या झोक्यावरून उतरायच्या नाहीत, आजी हाका मारून थकायची आणि मग स्वतःच येऊन शेजारी बसायची. "सरक व माय, घडीभर मीबी बसते."

तर यंदा तीन दिवस ये. दोन नाही, तीन. निंबाला दोर बांधून ठेवलाय, मी स्वतः लटकून पाहिला, माझं वजन पेलतो म्हणजे तुझं पेलेल. फळी नवी घातली. ज्या संध्याकाळी येशील त्या संध्याकाळी मधुमालतीच्या एका पांढऱ्या झुपक्याला नातवाकडून दोरा बांधून घेऊ, आणि तिसऱ्या दिवशीपर्यंत तुम्ही इथे पाहिजे. त्याला आधी काही सांगू नकोस. वर्क फ्रॉम होम करायचं असलं तर लॅपटॉप आण, पण तो आतल्या खोलीत. बाकावर आणलास तर खुरप्याच्या वाटेने जाईल.

खुरपं अजून मिळालेलं नाही. बागेत हराळी गुडघ्याला आलीय, तीही हळूहळू बरी दिसायला लागलीय. माझा संशय धान्याच्या कोठीवर आहे, ज्वारीच्या खाली. तू आलीस की हळूच हात घालून बघ. पण पहिल्या दिवशी नको. तिसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर.

जावयांना नमस्कार, पिल्लाला पापा.

तुझे,
बाबा