बाऊ ट्रांगला भेटलेल्या पुणेकरांचे मनापासून आभार

व्हिएतनाममध्ये मुई नेच्या पुढे बाऊ ट्रांग आहे. समुद्रापासून जवळच, पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांत गोड्या पाण्याची दोन नैसर्गिक तळी. मोठ्या तळ्यात कमळं फुलतात. ती बघायचीच म्हणून आम्ही कोथरूडहून आईला घेऊन गेलो होतो. टेकडी उतरताना तिचा पाय मुरगळला. ऊन चढलेलं, जीप लांब, आईला उभंही राहवेना.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, हलू नका." हडपसरचा ग्रुप होता. त्यातल्या ताईंनी स्वतःची ओढणी घोट्याला घट्ट बांधली. दोघा मुलांनी हातांची खुर्ची करून आईला खाली टपरीपर्यंत आणलं. टपरीवाल्या बाईंनी न सांगता पिशवीत बर्फ भरून दिला, पैसे घेतलेच नाहीत.

बाकीचे तळं बघायला गेले, ताई मात्र गेल्या नाहीत. तासभर बर्फ धरून आईशी तुळशीबागेच्या गप्पा मारत बसल्या. एवढ्या लांब येऊन तळं सोडणं सोपं नाही हो! आई त्या गप्पांत दुखणं विसरली.

नावं कळली नाहीत, म्हणून इथे लिहितेय. हाड मोडलेलं नाही, आई आता चालते. ताई, ओढणी धुऊन ठेवली आहे. घरी जेवायलाच या, सगळे या.