विषय : गेटजवळची चिंच तोडण्याचा विषय सभेपुढे न आणण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहरचना संस्था, कर्वेनगर, पुणे ५२

४ फेब्रुवारी

सप्रेम नमस्कार.

१५ तारखेच्या विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस काल मिळाली. विषय क्रमांक ४ असा आहे : 'गेटजवळील धोकादायक चिंचेचे झाड काढण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करणे व मोकळ्या जागेत चारचाकी पार्किंग करणे.' ती ओळ वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी 'धोकादायक' या शब्दाबद्दल. जूनमध्ये वाऱ्यात फांदी पडली तेव्हा ए विंगमधल्या सूनबाई लेकराला घेऊन नुकत्याच जिन्याने वर गेल्या होत्या. स्कूटरचा चुराडा झाला. दोन मिनिटं इकडची तिकडे झाली असती तर काय, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. तेव्हा ज्यांना भीती वाटते त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. पण त्या फांदीचा हातभर तुकडा मी उचलून आणला होता, तो अजून माझ्या गॅलरीत आहे. तो पूर्ण वाळलेला आहे, साल नखाने सुटते. म्हणजे ती फांदी पडायच्या कितीतरी आधी मेली होती. ती का मेली, हा प्रश्न आपल्यापैकी कुणीच विचारला नाही.

२०१६ साली आपण आवारात पेव्हर ब्लॉक बसवले. त्याआधी चिंचेभोवती दगडी पार होता, आत माती होती, आणि पावसाचं पाणी तिथे मुरायचं. पार काढून आपण ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले आणि उरलेल्या फटी सिमेंटने भरल्या. चिखल होतो, मुलांचे पाय भरतात, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. त्या सभेत हात मीही वर केला होता. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि पसाऱ्याच्याही बाहेरपर्यंत जातात. वरची माती दाबून बंद केली की पाणी आणि हवा दोन्ही तुटतात, आणि मग झाड शेंड्याकडून वाळत येतं. आपल्या चिंचेचा गेटकडचा शेंडा गेली तीन-चार वर्षं उघडा दिसतोय, तुम्हीही पाहिला असेल.

गेल्या रविवारी इस्त्रीवाल्या भाऊंच्या मदतीने बुंध्याजवळचा एक ब्लॉक उचलला. (परवानगी न घेता उचलला, त्याबद्दल क्षमा असावी.) खाली खडीची कच, त्याखाली राखाडी, भाजल्यासारखी कोरडी माती. कचीच्या थरात सुतळीएवढं एक मूळ वर आलं होतं आणि ब्लॉकला टेकल्यावर आडवं वळून फटीच्या कडेकडेने वीतभर गेलं होतं. ते पाहून मला रडू आलं.

२९ एप्रिल २०२३ ला नदीकाठची झाडं वाचवण्यासाठी पुण्यात 'चलो चिपको' मोर्चा निघाला, तेव्हा मी लेकीला घेऊन गेले होते. हजारो माणसं होती. मुठेकाठच्या झाडांना आम्ही मिठ्या मारल्या, घोषणा दिल्या, आणि संध्याकाळी याच गेटमधून घरी आले. दारातल्या झाडाचा गळा आपण आवळलाय हे त्या दिवशीही माझ्या लक्षात आलं नाही. याची खंत मोठी आहे.

समितीच्या टिपणात 'खोड पोकळ आहे' असंही म्हटलं आहे. ते खरं आहे. पण झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो. मधलं जुनं लाकूड पाणी वाहून नेण्याचं काम कधीच थांबवून बसलेलं असतं, ते कुजलं तरी झाड जगतं. उभं राहण्याची ताकद बाहेरच्या भिंतीच्या जाडीवर ठरते. ही निरोगी भिंत त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असली तर खोड पेलतं, असा वृक्षतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. ध्वनिलहरींनी पोकळी मोजणारी यंत्रंही असतात. न मोजता धोकादायक ठरवणं मला पटत नाही. त्या पोकळीत पिंगळ्याची जोडी आहे. त्यांचा विणीचा हंगाम आत्ताच सुरू होतोय. तिन्हीसांजेला चिंचेची पानं मिटायला लागली की दोघं ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतात.

आता कायद्याचं. आपल्या राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षांवरचं झाड आता 'प्राचीन वृक्ष' धरलं जातं, ज्याला सगळे हेरिटेज ट्री म्हणतात. असं झाड तोडायचं तर त्याचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची आणि सात वर्षं जगवायची. आपली संस्था १९८४ ची, पण झाड तिच्या कितीतरी आधीचं आहे. मागच्या बैठ्या घरातल्या आजी मूळ शेतमालकांच्या घरच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा गोठ्यात पाणी शिरलं, आणि त्यांच्या सासऱ्यांनी म्हशी सोडवून याच चिंचेला आणून बांधल्या, कारण ही जागा उंचवट्यावर. 'तेव्हाही दोघांच्या कवेत मावत नव्हती,' असं त्या सांगतात. मी परवा शिवणाची टेप छातीच्या उंचीवर फिरवली : घेर ४ मीटर ४० सेंटिमीटर. वय शंभराच्या पुढे निघालं तर तेवढी रोपं आपण लावणार कुठे? आणि त्याच कायद्यात 'तोडणे' या शब्दाच्या व्याख्येत झाड जाळणं आणि त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. बुंध्याशी ओतलेलं सिमेंट त्यात बसतं का, याचा आपण सगळ्यांनी विचार करावा.

अर्ज केला तर महापालिका हरकती मागवेल आणि मला हरकत नोंदवावी लागेल. छत्तीस वर्षं जिथे राहिले त्या सोसायटीच्या विरुद्ध सही करायची वेळ माझ्यावर येऊ देऊ नका.

सोबत २७ घरांच्या सह्या जोडल्या आहेत. त्यातली ११ घरं शेजारच्या दोन सोसायट्यांमधली आहेत, कारण सावली भिंत ओलांडून त्यांच्याकडेही जाते. मुलांनी दोन शनिवार बसून खोडातले खिळे काढले. बॅनरचे, दिवाळीच्या माळांचे, 'पार्किंग फुल्ल'च्या पाटीचे मिळून ४३ निघाले. श्रीखंडाच्या डब्यात भरून ठेवलेत, सभेत घेऊन येईन.

आमची मागणी साधी आहे. बुंध्याभोवतीचे ब्लॉक निदान एक मीटरपर्यंत काढावेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी एवढीच जागा मोकळी करायला सांगितली होती. आपल्या चिंचेला त्याहून जास्त मिळाली तर उत्तमच, त्यासाठी दुचाकींच्या तीन जागा हलवाव्या लागतील आणि त्यातली एक माझी आहे, ती मी आजच सोडते. वाळलेल्या फांद्या उद्यान विभागाची रीतसर परवानगी घेऊन पावसाआधी उतरवाव्यात, आणि गेटवर झुकलेल्या मोठ्या फांदीला लोखंडी टेकू द्यावा. बी विंगमधले निवृत्त इंजिनिअर काका टेकूचं डिझाइन विनामूल्य करून देणार आहेत. झाडाची तपासणी होईपर्यंत तोडण्याचा विषय बाजूला ठेवावा. तपासणीचा खर्च आम्ही २७ घरं वाटून घेऊ.

घाई करते आहे त्याला कारण आहे. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड २०२० मध्ये महामार्गात जाणार होता. लोक उभे राहिले, रस्त्याची आखणी बदलली आणि वड वाचला. आम्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता! २०२२ च्या पावसात तो उन्मळून पडला. तेव्हापासून वाटतं की झाड करवतीपासून वाचवलं तरी अर्धंच काम होतं, त्याच्या मुळांकडे लगेच पाहायला हवं. आपल्याला पुढच्या पावसापर्यंत चार महिने आहेत.

यंदा चिंच धरली आहे, महिन्याभरात झोडपायला येईल. दरवर्षीप्रमाणे खालच्या पॅसेजमध्ये चटया टाकून फोडायला बसू, चिंचोके मुलांना आणि मीठ लावलेला एकेक गोळा घरटी. वहिनींनी मागच्या वर्षी जास्तीचा गोळा मागितला होता आणि संपला होता, यंदा पहिला त्यांचा.

रविवारी सकाळी आठ वाजता मी झाडाखाली असेन. उचललेला ब्लॉक परत बसवलेला नाही. आपण पाच मिनिटं यावं, ते मूळ मला तुम्हाला दाखवायचं आहे.

आपली नम्र,
सदनिका बी-११