थकलेले बिल आणि विचारलेला प्रश्न : एका तालुका वार्ताहराचे मंत्रिमहोदयांस खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. या पत्रात आपले नाव लिहिलेले नाही, कारण अब्रुनुकसानीच्या खटल्याचा खर्च मला झेपणारा नाही. ज्यांना ओळखायचे ते नावाशिवायही ओळखतील.

गेल्या मंगळवारी कोल्हापुरातील आपल्या पत्रकार परिषदेत मी जयंती नाल्याविषयी विचारले होते. शहराच्या मधून वाहणारा हा नाला सांडपाणी घेऊन पंचगंगेला मिळतो, त्याचा त्रास नदीकाठच्या खालच्या गावांना होतो, आणि तो थांबवण्याचा शब्द आपण प्रचारसभेत दिला होता; त्या शब्दाचे पुढे काय झाले, एवढाच माझा प्रश्न होता. आपण नुसते हसलात. आपल्या शेजारी उभ्या असलेल्या स्वीय सहायकांनी माईक बंद आहे असे समजून म्हटले, "ह्यांचं बिल ऱ्हायलंय, म्हणून बोलाय लागल्यात." माईक चालू होता. सगळे सभागृह हसले, आणि हसणाऱ्यांत माझे सहकारीही होते.

बिल खरोखरच राहिले आहे. आपल्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी आपल्या कार्यकर्त्यांनी माझ्यामार्फत दिलेल्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीचे ते 38,400 रुपये आहेत. आमच्याकडे तालुका वार्ताहराला पगार नसतो. बातम्यांचे जे मानधन मिळते त्यात महिन्याचे पेट्रोलही भागत नाही, म्हणून जाहिरातीवरचे पंधरा टक्के कमिशन हेच उत्पन्न, आणि ज्याने जाहिरात आणली त्यानेच वसुली करायची असा शिरस्ता. मुदतीत पैसे आले नाहीत की ती रक्कम वार्ताहराच्या नावे पडते. माझे दिवाळीचे सगळे कमिशन असेच वळते झाले आणि मुलीची फी पत्नीला पतसंस्थेतून कर्ज काढून भरावी लागली. आपल्या संपर्क कार्यालयात, आपल्याच हसऱ्या फोटोखालच्या बाकावर, मी चौदा वेळा बसून आलो. हल्ली चहा देणारा पोरगा मला पाहिले की विचारण्याच्या भानगडीत न पडता बिनसाखरेचा कप पुढे ठेवतो.

सहा जानेवारीला आपण आम्हाला शाल आणि श्रीफळ दिलेत, 1832 साली 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचे स्मरण केलेत, आणि दर महिन्याला पत्रकारांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरे देईन असे जाहीर केलेत. शाल माझ्याकडे आहे. ती मासिक बैठक मात्र एकदाही झालेली नाही. माझ्या वहीतील नोंदींप्रमाणे त्यानंतर आपण सतरा वेळा माध्यमांसमोर आलात आणि प्रश्न घेतलेत ते फक्त तीनदा. एखादी नोंद इकडची तिकडे असेल, पण आपल्या कार्यालयाकडे याहून बरा हिशेब असल्यास तो छापायला मी तयार आहे, जाहिरातीचे दर न लावता.

पत्रकार आणि राज्यकर्ते यांचा व्यवहार कोल्हापूरला नवा नाही. इथल्या दरबाराच्या प्रकरणावरून कारभारी माधवराव बर्व्यांनी केलेल्या खटल्यात टिळक आणि आगरकर 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले. त्यांनी छापलेली पत्रे बनावट निघाली, हेही सांगितले पाहिजे. चूक त्यांची होती आणि ती त्यांनी स्वतः भोगली. पुढे 1920 मध्ये 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, आणि आमच्या शाहू महाराजांनी त्याच पत्रासाठी डॉ. आंबेडकरांना 2,500 रुपयांची मदत केली. त्या बदल्यात महाराजांच्या वाढदिवसाची पुरवणी निघाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. आपण प्रत्येक भाषणात त्यांचे नाव घेता म्हणून आठवण दिली.

पत्रकाराला मारहाण झाली तर 2017 च्या राज्याच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आता मारहाणीची गरज कोणाला उरली आहे? परवाच्या परिषदेनंतर तासाभरात आमच्या कार्यालयातून फोन आला, की प्रश्न जरा जपून विचारा, पुढची पुरवणी तोंडावर आहे. मालकाला जाहिरात हवी, आपल्याला पान हवे, वाचकाला चार-पाच रुपयांत अंक हवा, आणि या तिघांच्या हिशेबात जे कमी पडते ते तालुक्याचा वार्ताहर आपल्या खिशातून आणि जिभेवरून भरतो. वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या जागतिक क्रमवारीत 2024 साली भारत 180 देशांत 159 वा होता. ती यादी करणारे आमच्या तालुक्यात आले नसणार, नाहीतर वसुलीच्या वहीसाठी त्यांना वेगळा रकाना काढावा लागला असता.

आणि मीही धुतल्या तांदळासारखा नाही. आपल्या वाढदिवसाच्या त्या पुरवणीतील 'विकासाचा भगीरथ' हा लेख मीच लिहिला होता, आणि तो लिहिताना नाल्याचा वास मला येत होता.

म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागतो. 38,400 रुपये कार्यकर्त्यांकडून जमा करवावेत, कारण ते सोडून देण्याची माझी ऐपत नाही. आणि जयंती नाल्याचे उत्तर लेखी द्यावे, बिल मिटले तरी आणि न मिटले तरी. पुढच्या परिषदेत मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. त्या वेळी माईक बंद असल्याची आपल्या सहायकांनी आधी खात्री करून घ्यावी.

आपला,
एक तालुका वार्ताहर
जिल्हा कोल्हापूर