गाडीचं काय करायचं?

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "क्लचप्लेट टाकली की पाच वर्षं बघायला नको." घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहितेय.

क्लचचं तुमचं बरोबर आहे. क्लचप्लेट, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश झिजणारच, कुठल्याही गाडीचे बदलावेच लागतात. टायरची नक्षी शाबूत आहे, पण बाजूला १५१६ आकडा आहे, म्हणजे २०१६ च्या पंधराव्या आठवड्यात बनलेले. रबराला बारीक भेगा पडल्यात. तेही बदलता येतील. इंजिन तर ठणठणीत आहे. निळा धूर नाही, कूलंटवर तेलाचा तवंग नाही. तुम्ही वेळच्या वेळी ऑइल बदलत आलात, त्याचंच हे फळ.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं. पण गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा मी खालीच उभी होते. मेकॅनिकने तुमच्या दाराखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवून जरासा दाबला, तर तो सरळ आत गेला. तांबूस पापुद्रे माझ्या चपलेवर पडले. आपल्या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. बाजूने धडक बसली तर हाच पत्रा तुमच्या आणि समोरच्या गाडीच्या मधे असणार. तुकडा कापून नवा वेल्ड करता येतो, पण गंज कुठवर गेलाय ते कापल्याशिवाय कळत नाही आणि शेजारून तो पुन्हा धरतो. त्यात आईच्या बाजूला एअरबॅगही नाही.

गेल्या वर्षी रेडिएटर नवा टाकला, तो खर्च तुमच्या मनात आहे, मला ठाऊक आहे. पण गाडी ठेवली काय, काढली काय, तो पैसा गेलाच. आता पुढच्या दोन वर्षांचाच हिशेब धरू या.

माझं मत, ही काढू या. नवीच हवी असं नाही, नीट तपासून घेतलेली वापरलेली चालेल, फक्त ऑटोमॅटिक बघू. क्लच दाबताना तुम्ही डावा गुडघा हाताने चोळता, ते मी पाहिलंय. आणि आई, तुला उतरताना दाराला लोंबकळावं लागणार नाही एवढी सीट उंच हवी.

याच गाडीत मी शिकले, बाबा. रिव्हर्स घेताना तुमचा हात माझ्या सीटमागे असायचा. मलाही जड जातंय.

शनिवारी येते. दोन गाड्या हेरून ठेवल्यात. आई, बसून-उतरून तूच सांग. तोवर ही हायवेला काढू नका.

तुमची लेक