बॅटरी बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी मोटारसायकल सेल्फने सुरू होईनाशी झाली की पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी काही दिवसांत उतरली की रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बदलतात, मग मॅग्नेट कॉइल, म्हणजे इंजिनात वीज तयार करणारा स्टेटर. आणि एवढा खर्च होऊनही खरा दोष एखाद्या जळक्या कपलरमध्ये (तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये) तसाच राहिलेला असतो. साधा डिजिटल मल्टीमीटर हाती असेल तर हे बहुतेक वेळा टाळता येते, म्हणून हे पत्र.

सुरुवात बॅटरी पूर्ण चार्ज करूनच करावी, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेली पुढची सारी मापे फसवी ठरतात. चार्जिंगनंतर काही तास तशीच ठेवलेली १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. आता इंजिन सुरू करून मध्यम रेस द्यावी आणि बॅटरीच्या टर्मिनलांवरच मोजावे. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक आहे. मग गाडी बंद असताना वीज कुठे झिरपते ते शोधावे. आकडा १३ च्या खालीच राहिला तर चार्जिंग पोहोचत नाही. तो १५ च्या वर गेला तर दोष बहुधा रेग्युलेटरचा असतो, पण काही गाड्यांत रेग्युलेटर बॅटरीचे व्होल्टेज वेगळ्या तारेने वाचतो आणि त्या वाटेवरचा सांधा गंजला की व्होल्टेज कमी आहे असे समजून जास्त चार्ज करत राहतो.

सांध्यांची तपासणी सर्वांत उपयोगाची, आणि नेमकी तीच वगळली जाते. लाइट लावून इंजिनाला रेस दिलेली असताना मीटरची एक तार रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह तारेला व दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावी. फरक ०.३ व्होल्टहून जास्त दिसला तर मधला कपलर, फ्यूजची बैठक किंवा तार वीज खात आहे. रेग्युलेटरची बॉडी आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्येही असेच मोजावे, कारण रंग किंवा गंजामुळे कच्चे झालेले अर्थिंग वरून दिसत नाही. तपकिरी पडलेला, वितळलेला कपलर नुसता घासून पुन्हा जोडू नये, बदलावा.

यानंतरच कॉइल. थ्री-फेज स्टेटरच्या तीन तारा (बहुधा पिवळ्या) कपलरमधून सोडवून, इंजिन बंद ठेवून, प्रत्येक जोडीतील रोध मोजावा. तो सहसा एक ओहमहून कमी आणि तिन्ही जोड्यांत सारखा असतो. यापैकी कोणतीही तार चॅसीशी जुळता कामा नये. गरम झाल्यावरच उघडे पडणारे दोष या मापात निसटतात, म्हणून इंजिन तापल्यावर त्याच जोड्यांमधील एसी व्होल्टेजही पाहावे. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो, पण तिन्ही जोड्या सारख्या असणे आणि रेससोबत आकडा वाढणे महत्त्वाचे. हे व्होल्टेज सहज पन्नासच्या वर जाते, तेव्हा उघड्या टोकांना हात लावू नये. कॉइल आणि सांधे निर्दोष ठरले, तरच रेग्युलेटर बदलणे रास्त आहे.

६ व्होल्टच्या किंवा डायनॅमोच्या फार जुन्या गाड्यांना हे आकडे लागू नाहीत.

एका सवयीबद्दल मात्र कळकळीने लिहावेसे वाटते. चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून बघणारे अनेकजण आहेत. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज एकदम उसळू शकते आणि त्यात चांगला रेग्युलेटर, बल्ब किंवा इग्निशन युनिट जळू शकते. आपल्या वाहनविषयक पानावर निदान एवढी सूचना ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक