चक्की बंद ठेवल्याबद्दल

चक्कीवाले भाऊ,

सप्रेम नमस्कार. तोंडावर आभार मानले असते तर "त्यात का झालं ताई" म्हणून तुम्ही पुढचा डबा उचलला असता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते.

मागच्या शनिवारी पुण्याच्या लेखिका आमच्या घरी वाचनाला आल्या. वर्ध्यापर्यंत रेल्वेनं, पुढे आर्वीच्या एसटीनं आणि फाट्यावरून आमच्या ह्यांच्या मोटरसायकलवर. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी गेले होते. मागच्या खुर्चीवरून लेखक मंडळी बोटाएवढी दिसायची. तेव्हापासून डोक्यात होतं, कुणीतरी आपल्या ओसरीवर मांडी घालून वाचावं. पत्र टाकलं, बाई हो म्हणाल्या. तारीख मात्र मी ठरवली आणि तिथंच फसले. कापूस वेचाईचे दिवस, आदल्या दिवशी बाजार झालेला, घरोघरी गहू-ज्वारी आलेली. दिवेलागणीला अर्धं गाव तुमच्या दारात रांगेनं. आणि तुमचं दार आमच्या ओसरीपासून वीस पावलांवर.

माइक देतो म्हणणाऱ्याला ऐनवेळी लग्नाची ऑर्डर लागली. बाईंचा आवाज मुळातच बारीक. पहिलं पान त्यांनी वाचलं ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असेल. तुमच्याकडे येऊन सांगायची माझी हिंमत नव्हती. दुपारच्या झोपेपायी तुमच्या चक्कीवर मी किती वेळा तणतणले आहे, ते तुमच्या कानावर गेलेलंच आहे.

मग घरघर हळूहळू पातळ होत गेली. तुम्ही खटकन बटण दाबलं नाही. वर टाकलेला गहू सगळा उतरू दिला, रिकामी चाकं घटकाभर फिरली, पट्टा थांबला. दाणा चाकात अडकून राहिला तर पुढच्या वेळी मोटर ओढत नाही, हे मला तुम्ही नंतर सांगितलंत. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की शेजारच्या गोठ्यातल्या बकरीची घंटा ऐकू येते आहे.

रांगेतल्या बायांना तुम्ही काय म्हणालात कोण जाणे. एकेक करून त्या आपापले डबे कडेवर घेऊन आमच्या अंगणात आल्या. मी सतरंज्या टाकल्या होत्या पंधरा माणसांच्या! मग कुणी डब्यावरच बसलं, कुणी तुळशीच्या ओट्यावर. तुम्ही फाटकातच उभे. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ. या म्हटलं तर म्हणे, "अंगाले पीठ हाय, सतरंजीले लागन."

बाईंच्या कथेतली सून सकाळी गहू धुते आणि संध्याकाळी दळायला नेते. फाटकातून तुमचा आवाज आला, "ओला गहू चक्कीत नाही टाकत जी. चाकाले चिकटते. दोन ऊनं तरी द्या लागते त्याले." माझ्या पोटात गोळा आला. बाई थांबल्या, हसल्या, पर्समधून पेन्सिल काढून समासात काहीतरी खरडलं आणि विचारलं, "आणि ढगाळ असेल तर?" झालं! चार बाया एकदम बोलायला लागल्या. कुणी पंख्याखाली पसरते, कुणी नुसता पाखडून तसाच दळते. गव्हावरून गोष्ट सासूवर गेली, सासूवरून सुनेच्या माहेरावर. कथा संपायला दीड तास लागला आणि अर्धा वेळ आम्हीच बोललो. पुस्तकातली सून आमच्याच गल्लीतली वाटायला लागली होती.

नंतर जेवायला गोळाभात होता. वरून फोडणीचं कच्चकावून तेल घातलेलं पाहून बाईंनी आधी डोळे मोठे केले, मग दुसऱ्यांदा वाढून घेतला. तो जाऊबाईंच्या हातचा, त्यांचे आभार घरात मानले आहेत.

तुम्ही जेवायला थांबला नाहीत. ज्यांची दळणं राहिली होती ती लाइन जायच्या आत उरकायची म्हणून परत गेलात. रात्री अकरापर्यंत चक्की चालू होती. बाई पुढच्या खोलीत झोपलेल्या, मी खाटेवर जागी, आणि पहिल्यांदाच त्या घरघरीचा राग आला नाही. (पुढच्या आठवड्यात येईल, सांगून ठेवते.)

दीड तास ऐन गर्दीचा धंदा सोडलात, त्याचा हिशेब तुम्ही सांगणार नाही हे मला माहीत आहे. आमचा ज्वारीचा डबा अजून तुमच्याकडेच आहे, झाकणावर निळा दोरा बांधलेला. उद्या पोराला पाठवते. मागच्या वेळेसारखे पैसे परत धाडू नका.

तुमच्या समोरच्या घरची
ताई